भिंगबाईंची सही

माणूस जिवंत आहे हे कळायला खरं तर काही लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला ते सकाळी नळ वाजला की कळतं. नवऱ्याने चहात साखर का नाही असं विचारून बघावं, जे उत्तर मिळतं त्यावरून त्यालाही कळतं. कळत नाही ते फक्त बँकेला. तिला वर्षातून एकदा कागदावर लिहून द्यावं लागतं, की अमक्या बाई अमक्या तारखेला हयात आहेत आणि खालची सही त्यांनी स्वहस्ते केली आहे. मायदेशात असाल तर चालत जाऊन तोंड दाखवता येतं. परक्या देशात राहणाऱ्या पेन्शनरांना मात्र आपण मेलेलो नाही हे सिद्ध करता करता अर्धं मरायला होतं.

भिंगबाईंना या हयातीच्या दाखल्याची धास्ती कधी वाटली नव्हती. वाटणार कशी? मायदेशी बँकेत एकोणतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. डाव्या हाताला खातेदाराच्या नमुना सहीचं कार्ड, उजव्या हाताला त्याचा चेक नाहीतर पेन्शनचा कागद, आणि मधे पितळी मुठीचं भिंग. सही जुळली तर शिक्का, नाही जुळली तर कागद परत. त्या भिंगावरून नाव पडलं ते पडलंच. खऱ्या नावाला पुढे कुणी विचारेना. मॅनेजर म्हणायचे, "बाईंच्या टेबलावरून आलेला कागद मी डोळे झाकून पास करतो." हे वाक्य बाईंनी नवऱ्याला आजवर तीनशे वेळा तरी ऐकवलं असेल.

नवरा घड्याळजी. म्हणजे त्यांच्याही डोळ्याला भिंग. लग्न ठरलं तेव्हा बाईंची मावशी म्हणाली होती, "दोघंही बारीक बघणारी. एकमेकांचे दोष तेवढे शोधत बसू नका म्हणजे झालं." दोष शोधलेच, पण संसार टिकला. घड्याळाच्या दुकानाला पेन्शन नसते. दुकान विकून आलेले पैसे मुलाच्या शिक्षणात गेले, मुलगा शिकून परदेशी गेला, त्याला मुलगी झाली आणि म्हाताऱ्यांना बोलावणं आलं. नात शाळेत जायला लागली की परत जायचं असं ठरलं होतं. पण तोवर इथली हवा अंगवळणी पडली, आणि तिकडे परत जायला घर कुठे उरलं होतं? मुलाकडेच राहावं तर सुनेची डबे लावायची पद्धत एक आणि बाईंची दुसरी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. भांडण व्हायच्या आधीच त्यांनी चार बसथांबे पलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तेव्हापासून सून फार गोड बोलते. बाईही.

त्या दोन खोल्यांवर बाईंचा जीव होता. आता जीव लावण्यासारखं तिथे काय होतं म्हणाल तर फार काही नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरचं टायरचं दुकान आणि बसथांबा दिसे. मागच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मधे एकाच माणसाला उभं राहता येई, त्यामुळे कपडे बदलायला पाळी लावावी लागे. स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. पण त्या कोनाड्यातला प्रत्येक डबा बाईंनी ठेवला त्या जागी असायचा. साठी उलटल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं घर मिळालं होतं, जिथे सासूचं, नणंदेचं, सुनेचं कुणाचं काही चालत नव्हतं. घड्याळजींचंही नव्हतं, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

पैशांची मात्र ओढाताण असायची. पेन्शन तिकडच्या चलनात जमा व्हायची, भाडं इकडच्या चलनात जायचं, आणि मधला दर रोज खालीवर. घड्याळजी दात घासायच्या आधी फोनवर दर बघत आणि पलंगावरूनच बातमी देत, "आज आपण एका पावाने गरीब झालो." कधी म्हणत, "आज दोन अंडी सुटली." बाजारात दोघंही मनातल्या मनात गुणाकार करत. फ्लॉवरचा गड्डा हातात घेतला की बाई म्हणत, "एवढ्यात तिकडे पोतं आलं असतं हो!"

"आणि पोतं आणायला जायचं विमानभाडं? तेही धर की गुणाकारात."

न्हावी गुणाकारात बसेना, म्हणून घड्याळजींचे केस बाईच कापायच्या. कवळी सैल झाली होती ती तशीच चालली होती. सगळ्यात मोठा सोहळा असायचा एक तारखेला. पैसे तिकडून इकडे पाठवायचे तर ओटीपी तिकडच्या फोन नंबरवर येतो. त्यासाठी जुनं सिमकार्ड एका जुन्या फोनमध्ये रिचार्ज मारून मारून जगवलेलं. तो फोन खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातच रेंज पकडायचा. तेव्हा घड्याळजी फोन उंच धरून स्टुलावर उभे, आणि बाई कॉम्प्युटरपुढे, स्क्रीनवर उलटे आकडे पळताहेत.

"आला का?"

"येतोय."

"आला का हो? बारा सेकंद राहिले!"

"अगं, मी काय खिशात लपवून ठेवलाय?"

दोन-तीनदा असं झालं की एकदाचे पैसे येत, आणि मग दोघं दमून चहा पीत. महिनाअखेर ताणून धरावी लागे, पण कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. सुखात होती म्हणा ना. परदेशात म्हातारपण काढणाऱ्या कितीजणांना असं म्हणता येतं?

आणि अशात यंदा दाखला परत आला.

दर वर्षीप्रमाणे तो इथल्या डॉक्टरसमोर भरला होता, डॉक्टरचा शिक्का होता. तरी तिकडच्या बँकेचं पत्र आलं: सही नमुन्याशी जुळत नाही, सबब पूर्तता होईपर्यंत पेन्शन थांबवण्यात येत आहे. सोबत नमुना सहीच्या कार्डाचा फोटो जोडलेला.

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. "माझी सही? माझी सही जुळत नाही? कोण हा तपासणारा टिकोजीराव?"

"कालचं पोर असेल," घड्याळजी समजुतीने म्हणाले.

बाईंनी भिंग काढलं. नमुना आणि आपल्या दाखल्याची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. नमुना नोकरीच्या पहिल्या दिवशीचा होता, बाई बावीस वर्षांच्या होत्या तेव्हाचा. पहिल्या अक्षराची ऐटदार वेलांटी, आडनावाचा शेवटचा काना खाली ओढून डावीकडे सरकन वळवलेला, आणि त्याखाली दोन टिंबं. एका दमात मारलेली सही. शेजारी यंदाची सही, तिची वेलांटी अर्ध्यात दमलेली, काना लंगडत खाली उतरलेला आणि टिंबं भलत्याच ठिकाणी. दोन वर्षांपासून बाईंचा उजवा हात कापत होता. वयाने होतं असं डॉक्टर म्हणाले होते. गोळी होती, पण तीही गुणाकारात बसली नव्हती.

पाच मिनिटांनी बाईंनी भिंग खाली ठेवलं. "पोराने बरोबर केलंय," त्या म्हणाल्या. "मीही परत पाठवला असता."

खरी गोम पुढेच होती. खातेदारांना बाई नेहमी सांगायच्या, वयाबरोबर हात बदलतो, दर दहा वर्षांनी नवा नमुना देत जा. शेकडो लोकांचे नमुने त्यांनी बदलून घेतले. स्वतःचा तेवढा कधी बदलला नाही. बदलायचा कशाला? आपली सही बाविसाव्या वर्षापासून एका केसाने हललेली नाही, याचाच तर त्यांना तोरा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता हिशेब सोपा होता आणि म्हणूनच भीती वाटत होती. शिलकीत जेमतेम दोन महिन्यांचं भाडं. खोल्यांचा करार त्याच दोन महिन्यांत संपत होता, आणि नवा करायचा तर पेन्शन चालू असल्याचा कागद घरमालकिणीला हवा होता. सरकारी काम अन् सहा महिने थांब. खोल्या तोवर थांबणार नव्हत्या. मुलाचा फोन आला.

"आई, किती दिवस हा खटाटोप करणार? मागची खोली मी रिकामी केलीय. या इकडे."

"अरे, पण तुम्हाला अडचण—"

"अडचण कसली? हिने पलंगसुद्धा आणलाय. जाड गादीचा, तुझ्या पाठीसाठी."

आता वाईट वागले असते तर चार शब्द सुनावता तरी आले असते. जाड गादीपुढे काय बोलणार? फोन ठेवल्यावर बाई कोनाड्यात जाऊन उगीचच डबे पुसत बसल्या. रडू येत होतं ते घड्याळजींना दिसायला नको होतं. दोन खोल्यांचं घर, त्यात लपणार कुठे? घड्याळजी उठले आणि फडकं घेऊन शेजारी डबे पुसायला लागले.

"एकदा सही जुळवून तर बघ," ते म्हणाले.

बाईंनी कंबर कसली. बाजाराची जी जाहिरातपत्रकं दारात येऊन पडत त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सराव सुरू झाला. सकाळी शंभर, दुपारी शंभर. घड्याळजींच्या चेष्टेला ऊत आला. "जगात लोक दुसऱ्याच्या खोट्या सह्या करतात. स्वतःचीच खोटी सही शिकणारी तू पहिलीच."

बाईंना हसू आलं, पण फार टिकलं नाही. त्यांना एक निवृत्त पोस्टमन आठवला. पेन्शनच्या कागदावर त्याने तीनदा सही केली होती आणि तीनही वेळा बाईंनी मान हलवली होती. तो म्हणाला होता, "बाई, मी समोर उभा आहे ना?" आणि बाईंनी फाडकन उत्तर दिलं होतं, "तुम्ही उभे आहात, तुमची सही उभी नाही." आख्खी शाखा हसली होती. हा किस्सा बाई कौतुकाने सांगायच्या. आज तो आठवून त्यांना स्वतःचाच राग आला. नियम बरोबर होता, त्यात बदल नाही. पण हसायचं काय होतं त्यात?

आठवडाभरानेही सही जमेना तेव्हा घड्याळजींनी डोळ्याला भिंग चढवलं, पेन घेतलं आणि कार्डाचा फोटो बघत एका दमात बाईंची सही मारली. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला हात तो. वेलांटी, काना, टिंबं, सगळं हुबेहूब.

"घे. दाखल्यावर मारून देऊ?"

बाईंनी ती सही भिंगाखाली धरली. कसून बघितली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. "एकोणतीस वर्षांत अशी सापडली नाही मला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. "पुन्हा हे करू नका. तुम्हाला माझी सही येते हे आजवर मला माहीत नव्हतं तेच बरं होतं."

घड्याळजी कान धरून उभे राहिले. मग दोघंही हसली.

शेवटी बाईंना युक्ती सापडली. हात टेबलाला टेकवायचा, मनगट डाव्या हाताने दाबून धरायचं, आणि सही न करता ती काढायची, मुंगीच्या पावलाने, रांगोळीची रेघ ओढावी तशी. एका सहीला दोन मिनिटं. पण आकार जुळला. वेलांटीला वेलांटी, टिंबाला टिंब. डॉक्टरच्या शिक्क्यावर आता भरवसा नको, सही सरकारी अधिकाऱ्यासमोरच करायची म्हणून तीन तास आगगाडीने प्रवास करून दोघं मोठ्या शहरातल्या वकिलातीत गेली. तिकीट गुणाकारात बसत नव्हतं, पण त्या दिवशी कुणी गुणाकार केला नाही.

खिडकीमागे तिशीची एक अधिकारी मुलगी होती, आणि नशिबाने आपल्याच भाषेत बोलणारी. तिने दाखला पुढे सरकवला. "करा सही, आजी. सावकाश."

बाईंनी मनगट दाबलं. मागे रांग होती, कुणीतरी घसा खाकरला. दोन मिनिटांनी सही पुरी झाली. मुलीने ती कार्डाच्या फोटोशेजारी धरली. "छान जुळतेय की! लावू शिक्का?"

शिक्का उचललेला होता. बाईंना नुसतं हो म्हणायचं होतं. पण सवयीने त्यांचा हात पर्समध्ये गेला आणि भिंग बाहेर आलं. सहीचा आकार जुळत होता, यात वादच नव्हता. पण रेघ? रेघ सगळीकडे सारख्या जाडीची होती. काना खाली उतरताना पेन दोन ठिकाणी थांबलं होतं, तिथे शाईचा ठिपका जमला होता. सरकन जायला हवी होती ती शेपटी थरथरत गेली होती. माणूस स्वतःची सही कधी इतकी जपून करत नाही. खोटी सही ओळखायची ही पहिली खूण, नव्या कारकुनांना त्यांनीच शिकवलेली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "शिक्का मारू नका."

"का हो? मी चालवून घेते ना."

"तुम्ही घ्याल. पण तिकडे माझ्या खुर्चीवर जो बसलाय तो घेणार नाही, आणि त्याने घेऊही नये. ही सही नाही, चित्र आहे."

घड्याळजींनी कपाळाला हात लावला. "अगं, ती मारतेय शिक्का, तर मारू दे की!"

"आणि महिन्याने कागद परत आला तर? तोवर खोल्या गेलेल्या असतील." बाई मुलीकडे वळल्या. "नियमात अंगठा चालतो. ज्याला सही जमत नाही त्याचा अंगठा, अधिकाऱ्यासमोर, कारण लिहून. नवा दाखला द्या आणि शाईचं पॅड काढा."

बोलून गेल्या खऱ्या, पण मुलगी पॅड शोधायला लागली आणि बाईंना आपली शाळा आठवली. त्यांची आई अंगठा द्यायची. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाकीच्या मुलींच्या पालकांच्या सह्या असत, हिच्या पुस्तकावर निळा डाग. वर्गात पुस्तक जमा करताना ती त्या डागावर तळहात ठेवून उभी राहायची. पुढे ती स्वतः सही करायला शिकली तेव्हा आईने लेकीची सही सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली होती. आणि आता पन्नास वर्षांनी पुन्हा डाग. बाईंचे डोळे भरून आले. लाज वाटली, पण अंगठ्याची नव्हे, त्यावर ठेवलेल्या त्या तळहाताची. आईला ते कधी कळलं होतं का, कोण जाणे.

पॅड सापडलं, ते वाळलेलं. मुलीने त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बाईंचा अंगठा धरून कागदावर जोरात दाबला.

"अहो, दाबू नका, फासला जातो," बाईंच्यातली भिंगबाई जागी झाली. "दुसरा फॉर्म घ्या. अंगठा एका कडेवर टेकवायचा आणि दुसऱ्या कडेपर्यंत अलगद लोळवायचा. असा. आता उचला, सरळ वर. रेघा मोजता आल्या पाहिजेत."

रेघा मोजता येत होत्या. मुलीने शिक्का मारला, शेजारी कारण लिहिलं, आणि बाईंनी तेही वाचून एका शब्दाची दुरुस्ती सुचवली. मागच्या रांगेतला घसा खाकरणारा आता उघडच सुस्कारे टाकत होता.

मग वाट बघणं आलं. एक आठवडा गेला, दोन गेले. शिल्लक उतरत गेली. मुलाने गाडी कुठल्या रविवारी आणू म्हणून विचारलं, बाईंनी सांगते म्हणून सांगितलं. डब्यांवरची झाकणं त्यांनी उघडून बघितली, कुठले न्यायचे, कुठले द्यायचे. ठरवता येईना. तिसऱ्या आठवड्यात जुना फोन खिडकीच्या कोपऱ्यात एकदा वाजला. घड्याळजी कवळीसकट ओरडले, "आली! पेन्शन आली, थकबाकी धरून!"

त्या दिवशी दर पडलेला होता. तरी भाड्यापुरते झाले, वर थोडे राहिले. बाईंनी आधी मुलाला फोन लावला.

"गाडी आणू नकोस रे. आम्ही इथेच राहतोय."

"बरं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, येताय. मग त्या पलंगाचं काय करू?"

त्याच्या आवाजात सुटका असेल असं बाईंना वाटलं होतं. ती नव्हती. पोरगं खरंच वाट बघत होतं. "ठेव तसाच," त्या म्हणाल्या. "शनिवारी येऊ, दोन दिवस राहू. जाड गादीवर झोपू आणि सोमवारी आपल्या घरी परत."

"आणि गोळी सुरू कर हाताची. पैसे मी देतो, वाद घालू नकोस."

बाईंनी वाद घातला, पण थोडाच. गोळीचे पैसे घ्यायचे कबूल केले. मुलाला एवढं तरी करू द्यावं.

संध्याकाळी घरमालकीण नव्या कराराचा कागद घेऊन वर आली. दोन वर्षांचा करार, भाडं थोडं वाढवलेलं. घड्याळजींनी गुणाकार करायला तोंड उघडलं, बाईंनी नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं. पेन हातात घेऊन बाई टेबलापाशी बसल्या. मनगट दाबलं नाही. हात कापत होता तो कापू दिला, आणि एका दमात सही केली. वेलांटी वाकडी झाली, काना ओळीबाहेर गेला, एक टिंब राहूनच गेलं. घरमालकिणीने तिकडे बघितलंही नाही. कागदाची घडी घातली, नळ गळतो का विचारलं आणि जिना उतरून गेली.

"ही कुठली सही काढलीस?" घड्याळजी म्हणाले. "कार्डाशी एक रेघ जुळत नाही."

"कार्डावरची सही बावीस वर्षांच्या एका पोरीची आहे हो," बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "हे घर तिने नाही, मी घेतलंय."